तुमाला म्हून सांगतो

सोमवार, ९ डिसेंबर. ठिकाण : कोपरगाव, मेन रोडवरचं साड्यांचं दुकान. काम : कल्याणीच्या लग्नाचा बस्ता. हजर : मी, माझी मुलगी कल्याणी, माझी धाकटी जाऊ सुमन, काष्टीहून आलेल्या विहीणबाई. गादीच्या पलीकडे मुरलीमामा. गैरहजर : दोन्हीकडचे पुरुष. त्यांना जेवणानंतर या असं मीच सांगितलं होतं. पुरुष लवकर आले की साडी उलगडण्याआधीच किंमत विचारतात आणि बायकांचा हिरमोड होतो. ही अक्कल माझी नाही, मुरलीमामांनी शिकवलेली.

मुरलीमामांबद्दल सांगायचं तर चहापासून सुरुवात करावी लागते. बस्त्याची मंडळी गादीवर टेकली तरी मामा साडीला हात लावायचे नाहीत. आधी चहा मागवायचे. चहा आला की कपाटाकडे तोंड करून उगाच घड्या नीट करत बसायचे आणि समोरच्या आरशातून मागे बघत राहायचे. कप उचलण्याआधी कोण कोणाकडे बघतं, एवढंच त्यांना बघायचं असे. "खिसा एकाचा आसतो ताई, आन होकार दुसऱ्याचा," ते मला म्हणाले होते. "इकनाऱ्यानं खिशाकडं बघितलं की बस्ता हातचा गेला. नवरदेवाच्या बापाला नमस्कार घालायचा, पन साडी उलगडायची ती कोपऱ्यात गप बसलेल्या आत्याबाईकडं तोंड करून. तुमाला म्हून सांगतो हां."

"तुमाला म्हून सांगतो" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते म्हणताना थोडं पुढे वाकायचे आणि आवाज खाली आणायचे.

दिसायला साधा माणूस. साठीकडे आलेला, किडकिडीत, पांढरा शर्ट, भरघोस मिशा. त्या मिशांसकट ते साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचे, निऱ्या चिमटीत धरायचे आणि मान किंचित कलती करायचे. कोणी हसत नसे. त्या क्षणी मिशा दिसायच्याच नाहीत. प्रत्येकीला त्या साडीत आपली कोणीतरी दिसायची, आई, नाहीतर मावशी. मग तीच साडी ते अलगद समोरच्या बाईच्या खांद्यावर ठेवायचे. "खांद्यावर गेली की निम्मी इकली," हेही त्यांनीच सांगितलेलं.

आमची ओळख मात्र बस्त्यात झाली नाही. माझा थोरला भाऊ दर भाऊबीजेला मला साडी द्यायचा. एका उन्हाळ्यात तो अचानक गेला. त्या दिवाळीच्या यादीत मी उटणं आणि रवा यांच्या मध्ये लिहिलं, 'साडी, दादाची.' रीत मोडायची नाही, आपली आपणच घेऊ, असा सरळ हिशोब होता. दुकानात गेले, गादीवर बसले आणि साड्यांकडे बघवेना. मामांनी एकही साडी काढली नाही. चहा पुढे केला. कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "ही साडी तुमी तुमच्या मनानं घेत न्हाई ना, ताई?" मी मान हलवली. "भाऊ?" मी पुन्हा मान हलवली. तेव्हा ते पुढे वाकले. "माझी बहीन गेली. भाऊबीजेला मी बी आसाच कुटंतरी जाऊन बसतो. कुनाला सांगत न्हाई. तुमाला म्हून सांगतो."

मग त्यांनी विचारलं, "तुमाला काय आवडतं ते ऱ्हाऊ द्या. दादांनी काय घेतलं आसतं?"

दादाची निवड भयंकर होती. मी तसं सांगितलं. मामा उठले आणि पोपटी रंगाची, राणी काठांची एक भडक साडी घेऊन आले. ती उलगडली आणि मी रडता रडता हसले. तीच. दादाने दुकानात शिरल्या शिरल्या हिच्यावरच बोट ठेवलं असतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी मामा पुणतांब्याला आमच्या घरी आले. मी त्यांना ओवाळलं. पुढे दर वर्षी ओवाळत राहिले.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी हायस्कूलच्या कार्यालयात काम करते आणि आमच्या भावकीतली लग्नं मी पार पाडते. वाजंत्री, आचारी, मांडव, मानपान, रुसवे, सगळ्याची यादी माझ्याकडे. बस्ता कुठे बांधायचा हेही मीच ठरवते. त्या भाऊबीजेनंतर आमच्या भावकीतला एकही बस्ता दुसऱ्या दुकानात गेला नाही. पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे, शाळेतल्या बाईंचे, सगळे बस्ते मी मामांपुढे नेऊन बसवले. आणि प्रत्येक बस्त्यात मामा मला काहीतरी नवं शिकवायचे.

"पयली साडी दाखवायची ती नाकारायला. 'न्हाई' म्हनून घेतलं की मानसाला बरं वाटतं, मग त्याला 'व्हय' म्हनायला जड जात न्हाई."

"ढीग लावायचा न्हाई. पाच साड्या आसल्या तर निवड, पंधरा झाल्या की डोकेदुखी. नको म्हनली की लगेच घडी घालून मागं टाकायची."

"घासाघीस करनारीला जिंकू द्यायचं. तिनं भांडून घेतलेली पिशवी आपन आदीच बाजूला काढून ठेवलेली आसती."

एकदा सुमनने निळी साडी हट्टाने धरली होती. मामांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "ही नका घेऊ, वैनी. रंग जाईल. इकून मी मोकळा हुईन, शिव्या तुमी घालताल." सुमन गहिवरली. त्या दिवसापासून ती मामांची झाली. पाठोपाठ त्यांनी दाखवलेल्या सगळ्या साड्या तिने न तपासताच घेतल्या. घरी निघताना मामा माझ्या कानाशी म्हणाले, "एक मोडायची आन धा इकायच्या. तुमाला म्हून सांगतो."

मी हसले. मला वाटलं, मी गादीच्या त्यांच्या बाजूला बसले आहे.

एक मात्र खरं, बाईला काय हवं असतं ते त्या माणसाला कळत होतं. कारखान्यात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांची बायको एकदा आमच्यासमोर दोन साड्यांत अडकली. एक तिला शोभत होती. दुसरी शोभत नव्हती, पण नणंदेच्या साडीपेक्षा भारी होती. मामांनी दोन्ही घड्या पुढे ठेवल्या आणि शांतपणे विचारलं, "वैनी, ही कुटं नेसनार?" ती म्हणाली, "नणंदेच्या वास्तुशांतीला." मामांनी शोभणारी साडी उचलून मागे टाकली. नंतर मी त्यांना म्हणाले, "चांगली होती ती तुम्ही काढून घेतलीत." ते म्हणाले, "गिऱ्हाईक साडी घेत न्हाई ताई. घरी गेल्यावर काय सांगायचं, ते घेतं. तिला सांगायला ती दुसरीच पायजे हुती."

हे वाक्य मी शाळेत, लग्नघरात, बसमध्ये किती जणींना ऐकवलं असेल. माझं असल्यासारखं.

कल्याणी पुण्यात मोबाईलवरून वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत आहे. मी मामांचं कौतुक करू लागले की ती हसायची. एकदा म्हणाली, "आई, आमच्या ॲपवर पण येतं, 'खास तुमच्यासाठी'. सगळ्यांच्या फोनवर येतं."

"मामांचं तसं नाही," मी म्हणाले. "ते मला त्यांच्या युक्त्या सांगतात. फसवायचं असतं तर सांगितल्या असत्या का?"

"जिला वाटतं आपल्याला सगळं कळतं, तिला सगळं सांगूनच विकावं लागतं ना."

मला राग आला. पोळ्या लाटायचं निमित्त काढून मी आत निघून गेले.

कल्याणीचं लग्न ठरलं त्याच वर्षीच्या भाऊबीजेला मी मामांना ओवाळलं आणि विचारलं. नवरीच्या मागे मामा उभा राहतो. अंतरपाटाशी तिच्या पाठीवर मामाचा हात असतो. मुलीला पिवळी अष्टपुत्री साडी मामाकडूनच येते. माझा भाऊ नाही. "तुम्ही उभे राहाल का?"

मामांनी ताटातल्या निरांजनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बहीन गेली तवा भाचीमागं उभं ऱ्हायचं नशिबातनं गेलं, आसं वाटलं हुतं. देवानं भाची दिली." मी लग्नाची वही उघडली आणि त्यांच्यासमोर लिहिलं, 'मुलीचा मामा : मुरलीमामा.' त्या वहीत खोडाखोड नसते. मी पक्कं झाल्याशिवाय लिहीत नाही.

तर ९ डिसेंबर. चहा आला. मामा आरशात बघत होते. माझ्याकडे सुमनने पाहिलं, कल्याणीने कोणाकडेच पाहिलं नाही आणि विहीणबाईंनी सरळ बशीत चहा ओतला. मामा वळले, हसले. "ह्या आक्कांना विचारल्याबिगर घेनाऱ्या न्हाईत कुनी. गाव कोनतं म्हनायचं, आक्का?"

"काष्टी," विहीणबाई म्हणाल्या.

मी मामांना एवढंच सांगितलं होतं की पाहुणे श्रीगोंद्याकडचे आहेत. मामांचा हात साडीच्या घडीवर जागच्या जागी थांबला. मग ते उठले. "वरचा माल दाखवतो. मीच आनतो, ह्या पोरांना सापडायचा न्हाई." इतक्या वर्षांत बस्ता मांडलेला असताना त्यांना गादी सोडताना मी पाहिलं नव्हतं.

विहीणबाई जिन्याकडे बघत राहिल्या. "हा मुरली न्हवं? आमच्या कमलचा भाऊ?"

"कोण कमल?" मी विचारलं.

"बांगड्यावाली हो. लगीन होऊन बी गावातच राह्यली. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान हाय तिचं. हा लई वर्सांमागं गाव सोडून गेल्ता. नाक बघा की, नाक तेच."

"मामांची बहीण वारली आहे," मी म्हणाले.

"कवा?" विहीणबाईंनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हातभर हिरव्या बांगड्या. "परवाच्या बाजारात तिनंच भरल्या ह्या. लगीनघर हाय म्हून दोन जास्तीच्या घातल्या. चांगली ठनठनीत हाय की!"

सुमन "अगं बाई" म्हणाली. कल्याणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या बांगड्यांचा आवाज मला अजून आठवतो.

मामा गठ्ठे घेऊन खाली आले. मी वही उघडली आणि बस्ता पूर्ण केला. राग आला म्हणून काम अर्धं टाकायची मला सवय नाही. विहीणबाईंची मानाची साडी, करवल्यांच्या, आत्याबाईंची, कामवाल्या बायकांना पोस्त म्हणून द्यायच्या. एकेक झाली की खूण. मामा पदर खांद्यावर टाकत होते, मान कलती करत होते. पहिल्यांदाच मला त्यांच्या मिशा दिसत होत्या. विहीणबाई पिशवीसाठी भांडल्या आणि मामांनी हरल्यासारखं तोंड करून पिशवी दिली. पुरुष आले, किंमत विचारली, चहा प्याले. अष्टपुत्री दाखवू का, असं मामांनी विचारलं नाही. ती त्यांच्याकडून यायची होती.

सगळे पायऱ्या उतरले तेव्हा मी मागे थांबले.

"मामा, कमलबाई कोण?"

ते साड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबले नाहीत. "बहीन."

"मला वारली म्हणून सांगितलंत."

"व्हय."

"का?"

"तुमी त्या दिवशी बसल्या हुत्या, ताई. साडीकडं बघतच नव्हत्या. मला कायतरी बोलायचं हुतं. तोंडातनं गेलं."

"आणि पुढे दर भाऊबीजेला? निरांजनासमोर?"

घडी पूर्ण झाली. त्यांनी ती ढिगावर ठेवली आणि तळहाताने दाबून सपाट केली. "एकदा सांगितलेलं माघारी घेता येत न्हाई, ताई. इकलेला माल आसतो तो." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता मी काय बी सांगितलं तरी तुमाला ती दुकानदारीच वाटनार."

"हेही तुम्ही मला म्हणूनच सांगताय का?" मी विचारलं आणि पायऱ्या उतरले.

घरी येऊन मी वहीतली ती ओळ खोडली. सुमनच्या भावाला फोन केला, तो आनंदाने हो म्हणाला. अष्टपुत्री आणायला पुढच्या आठवड्यात शिर्डीला जायचं ठरवलं. पंधरा मिनिटांत सगळं मार्गी लागलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले.

त्यांच्याकडून घेतलेली एकही साडी खराब निघाली नाही, हे नोंदवायला हवं. एकीचाही रंग गेला नाही. त्यांनी मला मालात कधी फसवलं नाही. फसवणूक दुसरीकडेच होती. दादाची जागा कोणाला द्यायची नाही असं ठरवून मी त्या गादीवर बसले होते. आरशातून एकदा बघून त्या माणसाला कळलं होतं की या बाईचा होकार कुठे आहे. तो तिच्या मेलेल्या भावाकडे होता. मामांनी साडी त्या बाजूला तोंड करून उलगडली.

लग्नाच्या दिवशी ते आले. मांडवाच्या कमानीबाहेर उभे होते, हातात पिशवी. पिशवी त्यांच्या दुकानाची नव्हती, येवल्याच्या एका दुकानाची होती. मी समोर गेले.

"आत या, जेवून जा," मी म्हणाले. दारी आलेल्याला तेवढं म्हणावंच लागतं.

"न्हाई ताई. ही तेवढी पिवळी. आमच्या दुकानातनं आनली आसती तर तुमाला..." वाक्य पुरं झालं नाही. मग म्हणाले, "उभ्या जन्मात गादीच्या अलीकडं बसलो नव्हतो. त्यांनी पयलीच दाखवली ती घेऊन आलो. दुसरी दाखवा म्हनायचं सुचलंच न्हाई."

पहिली साडी नाकारायला असते, हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी पहिलीच घेतली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, हे वाक्य किती छान बसलंय. गिऱ्हाईक घरी गेल्यावर काय सांगायचं, ते घेतं. मला सांगायला याहून चांगलं काय मिळणार होतं? रडू तिथेच थांबलं. त्या माणसाचं खरं आणि खोटं आता मला वेगळं करता येत नाही, आणि ही विद्याही त्यांचीच. याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही.

मी पिशवी घेऊन आत गेले. शिर्डीहून आणलेली साडी पलंगावर तयार होती. कल्याणीने दोन्ही साड्या खिडकीशी नेऊन हाताने चाचपून पाहिल्या. "ही चांगली आहे," ती येवल्याच्या साडीबद्दल म्हणाली. "मी ही नेसते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

तिच्या मागे सुमनचा भाऊ उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी कमानीकडे पाहिलं. मामा गेले होते.

पावसाळा संपता संपता मी लेकीकडे काष्टीला गेले होते. कल्याणी तेव्हा सुट्टी घेऊन सासरी आली होती. बाजार होता. विहीणबाई मला कमलबाईंच्या दुकानात घेऊन गेल्या आणि मला तिथे बसवून भाजी घ्यायला पुढे गेल्या. तेच नाक. कमलबाईंनी माझा हात हातात घेतला आणि बोटं दाबत म्हणाल्या, "हात सैल सोडा, बाई. आवळून धरलं की काच फुटती." मग बांगडी मनगटावर चढवता चढवता, मी काही न विचारताच, म्हणाल्या, "मुरल्या तुमच्याकडं येतो म्हनं भाऊबीजेला."

"यायचे," मी म्हणाले.

"आई गेली तवा बोलावनं धाडलं हुतं त्याला. बस्ता मोडून कसा येऊ, म्हनला. तिसऱ्या दिशी आला, राख सावडायला. मी दारातच सांगितलं, तुला बहीन मेली आसं समज. तवापास्नं आला न्हाई."

माझा हात नकळत आवळला गेला. एक बांगडी फुटली. कमलबाईंनी तुकडे गोळा केले. "सांगितलं हुतं ना, सैल सोडा."

समज, असं म्हणाली होती ती. विक, असं नव्हती म्हणाली. पण हे मी तिला सांगितलं नाही. तिचा भाऊ तिला मेलेली सांगून एका घरी ओवाळून घेत होता, हे ऐकवणं माझ्याने होईना.

"ल्हानपनापास्नं तसाच हाय तो," दुसरी बांगडी चढवत कमलबाई म्हणाल्या. "समोरच्याला काय पायजे, ते त्याच्या तोंडात आपसूक येतं. आईला बी तेच, मास्तरला बी तेच. त्याला सोताला काय पायजे, ते कुनी इचारलंच न्हाई." त्यांनी बांगड्या सारख्या केल्या. "आता माझा राग गेला, बाई. मी फोन करनार न्हाई, तेवढा ताठा ऱ्हाऊ द्या मला. तुमी सांगा त्याला. यंदा भाऊबीजेला काष्टीला ये म्हनावं. सांगताल ना?"

मी हो म्हणाले. घरी येऊन लिहून ठेवलं.

भाऊबीज आठ दिवसांवर आली आहे. काल कोपरगावला जाऊन दिवाळीचं सगळं आणलं. रवा, तूप, उटणं, पणत्या, कल्याणीसाठी आकाशकंदील. येताना मेन रोडने न येता मागच्या गल्लीने एस.टी. स्टँडवर आले. बसमध्ये वही काढून सगळ्यावर खुणा केल्या.

निरोप राहिला आहे.